जुनी डिझेल गाडी सकाळी लागत नाही? सोलापुरात जन्मलेल्या शंतनुराव किर्लोस्करांच्या इंजिनात उत्तर सापडतं

पुणे-सोलापूर हायवेनं टेंभुर्णी मागं टाकलं की मोडनिंब येतं. माढा तालुक्यातलं गाव. एका बाजूला हायवे, दुसऱ्या बाजूला कुर्डुवाडी-पंढरपूर रेल्वे, आणि भोवती ऊस, ज्वारी, डाळिंब. अशा गावात जुनी डिझेल गाडी म्हणजे हौस नसते. तिच्यावर माल बाजारात जातो, पोरं कॉलेजला जातात आणि रात्री-अपरात्री पेशंटही जातो. त्यामुळं थंडीत सकाळी सहाला सेल्फ मारला आणि गाडी नुसतीच घरघर करत बसली, तर अख्ख्या दिवसाचं गणित बिघडतं.

मग कुणीतरी म्हणतं बॅटरी गेली, कुणी म्हणतं नोझल गेले. शेजारचा एखादा म्हातारा मात्र टाकीपासून इंजिनापर्यंतचा पाईप हातानं चाचपत जातो आणि सांगतो, एअर धरलीय.

त्या म्हाताऱ्याला हे कुठून कळलं? बहुतेक वेळा उत्तर असतं विहिरीवरून. कारण त्याच्या तरुणपणी मळ्यात एक सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं. हँडल मारून सुरू व्हायचं, बिघडलं तर आपणच खोलायचं. आणि त्या इंजिनावर बऱ्याचदा एकच नाव असायचं : किर्लोस्कर.

हे इंजिन ज्यांच्यामुळं बांधावर आलं, ते शंतनुराव किर्लोस्कर मूळचे सोलापुरातच जन्मलेले. त्यांची गोष्ट नीट बघितली तर जुन्या गाडीचा सकाळचा रुसवाही समजतो. कसा, ते बघूया.

सुरुवात सायकलच्या दुकानापासून

शंतनुरावांचा जन्म २८ मे १९०३ चा, सोलापूरचा. वडील लक्ष्मणराव. ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवायचे. हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली म्हणून नोकरी सोडली, असं त्यांच्या चरित्रात येतं. मग बेळगावात सायकलींचं दुकान टाकलं. पुढं कडबा कापायचं यंत्र बनवलं आणि नंतर लोखंडी नांगर.

नांगराला सुरुवातीला गिऱ्हाईकच मिळेना. लोखंडानं जमीन नासते असा समज होता. लाकडी नांगर गावचा सुतार दुरुस्त करायचा, लोखंडी मोडला तर कोण बघणार, हाही प्रश्न होताच. म्हणजे माल चांगला असून भागत नव्हतं. तो बिघडल्यावर गावात नीट होईल का, याचं उत्तर द्यावं लागत होतं. हा धडा पोराच्या कामी पुढं फार आला.

बेळगावची जागा नगरपालिकेच्या विस्तारात गेली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला. १९१० साली तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. खडकाळ जमीन, निवडुंग आणि साप. शंतनुराव तेव्हा सात वर्षांचे होते. त्यांचं बालपण कारखान्याच्या आवाजातच गेलं.

एमआयटी शिकून परत वाडीत

१९२२ मध्ये शंतनुराव अमेरिकेला गेले आणि १९२६ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून मेकॅनिकल इंजिनिअर होऊन परत आले. आज एमआयटीची डिग्री घेतलेला पोरगा गावात परततोय म्हटलं तर बातमी होईल. ते मात्र थेट किर्लोस्करवाडीत कामाला लागले.

वाडीत नांगर होते, उसाचे चरक होते, पंप होते. शंतनुरावांनी त्यात यंत्रं बनवणाऱ्या यंत्रांवर, म्हणजे लेथसारख्या मशिन टूल्सवर भर दिला. १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानात हरिहरला त्यासाठी स्वतंत्र कंपनी निघाली. तुम्ही म्हणाल, लेथचा आणि डिझेलचा काय संबंध?

संबंध थेट आहे. नांगर बनवताना अर्धा मिलीमीटर इकडंतिकडं झालं तर चालतं. डिझेल इंजिनाच्या फ्युएल पंपात चालत नाही. त्यातला प्लंजर आणि त्याची नळी यांच्यातली फट असते दोन-तीन मायक्रॉन. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा धरला तर ही फट त्याच्या तिसाव्या हिश्श्याच्या आसपास येते. एवढं बारीक काम करणारी यंत्रं आणि हात नसतील तर डिझेल इंजिन बनवायचा विचारच करू नये.

डिझेल इंजिनात ठिणगी का नसते?

इथं थोडं थांबून रुडॉल्फ डिझेलकडं जाऊ. १८५८ मध्ये पॅरिसमध्ये जन्मलेला हा जर्मन इंजिनिअर. त्याची कल्पना सोपी होती. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं तोंड गरम होतं, हे सगळ्यांनी अनुभवलंय. हवा दाबली की तापते. ती इतकी दाबली की इंधन शिंपडताच आपोआप पेटेल, तर ठिणगीची गरजच काय?

१८९७ मध्ये आउग्सबुर्गला त्याचं इंजिन यशस्वी ठरलं. १९१३ च्या सप्टेंबरमध्ये इंग्लंडला जाताना तो बोटीवरून गायब झाला. त्यानंतर काही दिवसांनी समुद्रात त्याचा मृतदेह दिसला. डोक्यावर कर्जाचा डोंगर होता. १९२७ मध्ये बॉश कंपनीनं इंधन दाबानं फवारणारा पंप मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली आणि मग डिझेल ट्रकमध्ये, गाडीत बसलं.

आता लक्षात ठेवायची गोष्ट एकच. डिझेल इंजिनात हवा साधारण १६ ते २० पट दाबली जाते आणि ५०० अंश सेल्सिअसच्या पुढं तापते. मग त्यात बारीक फवारा मारला जातो. म्हणजे इंजिन लागायला तीन गोष्टी हव्यात : पुरेसा वेग, पुरेसा दाब आणि वेळेवर येणारं स्वच्छ, हवा नसलेलं डिझेल. जुन्या इंजिनाचा सुरू न होण्याचा जवळपास प्रत्येक बिघाड या तिघांपैकी एकात सापडतो.

१९४६ : पुण्यात खडकीला इंजिन

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा शेतावरची ऑइल इंजिनं प्रामुख्यानं इंग्लंडहून यायची. खेड्यांत वीज जवळपास नव्हतीच. विहिरीला पाणी असून ते मोटेनं काढावं लागायचं, म्हणजे बैलांच्या आणि माणसाच्या ताकदीवर.

शंतनुरावांनी इथं डाव लावला. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स कंपनी उभी राहिली, ब्रिटिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्यानं. त्याच वर्षी बंगळूरला इलेक्ट्रिक मोटारींसाठी किर्लोस्कर इलेक्ट्रिक निघाली. जिथं वीज पोचेल तिथं मोटार, नाही पोचणार तिथं इंजिन, असा साधा हिशोब. तेव्हा त्यांचं वय होतं ४३.

दोनच वर्षांत मोठा फटका बसला. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली. त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखानाही पेटवला गेला. नवं काम पुण्यात नुकतं रांगत होतं आणि जुना आधार जळाला होता. कारखाना पुन्हा उभा करण्यात आला आणि इंजिनाचं कामही थांबलं नाही.

१९५१ मध्ये बंगळूरला मायको म्हणजे मोटार इंडस्ट्रीज कंपनी सुरू झाली आणि बॉशच्या तंत्रावरचे फ्युएल पंप, नोझल भारतात बनू लागले. डिझेल इंजिनाचा सगळ्यात नाजूक भाग आता देशात मिळू लागला. त्यामुळं तालुक्याच्या गावात नोझल तपासून देणारी दुकानं उभी राहणं शक्य झालं.

पाच हॉर्सपॉवरची शाळा

किर्लोस्करचं एव्ही-१ हे मॉडेल शेतकऱ्यांत चांगलंच रुळलं. एक उभा सिलिंडर, पाण्यानं थंड होणारा, मिनिटाला १५०० फेरे आणि ताकद ५ हॉर्सपॉवर.

या इंजिनाला बॅटरी नाही, सेल्फ नाही. डीकॉम्प्रेशनचा लिव्हर उचलायचा, म्हणजे सिलिंडरमधला दाब सुटतो आणि हँडल हलकं फिरतं. वेग आला की लिव्हर सोडायचा. दाब तयार होतो, फवारा पेटतो आणि इंजिन उचलतं. वर सांगितलेल्या तिन्ही गोष्टी, वेग, दाब आणि डिझेल, इथं माणसाच्या हातालाच कळायच्या. हँडल मोकळंच फिरतंय म्हणजे दाब गेला. हँडल जड आहे पण पेट घेत नाही म्हणजे डिझेल येत नाही.

शिवाय कान होतेच. लिव्हर उचलून इंजिन सावकाश फिरवलं की चांगलं नोझल फवारा मारताना करकर आवाज करतं. आवाज नाही तर फवारा नाही. हे कुठल्या पुस्तकात वाचायची गरज पडली नाही. विहिरीवर उभं राहून माणसं शिकली. त्यातली काही पुढं जीप, मॅटाडोर, टेम्पो आणि ट्रॅक्टर दुरुस्त करू लागली.

फक्त एक फरक त्यांना नव्यानं शिकावा लागला, आणि जुन्या गाडीच्या सकाळच्या दुखण्याचं मूळ तिथंच आहे.

विहिरीवर डिझेल गळतं, गाडीत हवा शिरते

मळ्यातल्या इंजिनाची टाकी वर असते आणि पंप खाली. डिझेल आपल्या वजनानंच खाली येतं. पाईपला चीर पडली तर डिझेल टपकतं आणि दिसतं.

गाडीत उलटं असतं. टाकी खाली मागं आणि इंजिन पुढं वर. मधला फीड पंप डिझेल ओढून घेतो. त्यामुळं टाकीपासून फीड पंपापर्यंतचा पाईप ओढीखाली असतो. तिथं बारीक चीर पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. जमीन कोरडी, पाईप कोरडा, तरी बिघाड आहे. रात्रभर गाडी उभी राहिली की त्या फटीतून हवा शिरते, पाईपमधलं डिझेल परत टाकीत उतरतं आणि सकाळी पंपाच्या तोंडी नुसती हवा असते. एकदा कशीबशी लागली की दिवसभर ठीक चालते, कारण रिकामा पाईप पुन्हा भरलेला असतो.

म्हणून जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीसाठी तपासायचा क्रम असा ठेवा.

१. आधी सेल्फचा वेग बघा. सेल्फ मंद फिरत असेल तर हवा तापतच नाही, मग डिझेलकडं बघून उपयोग नाही. बॅटरी, तिचे टर्मिनल आणि इंजिनापासून बॉडीला येणारी अर्थिंगची पट्टी तपासा. गंजलेली अर्थिंग चांगल्या बॅटरीलाही बदनाम करते.

२. मग सेल्फ मारताना सायलेन्सर बघा. धूर अजिबात नाही, तर सिलिंडरमध्ये डिझेल पोचत नाही. इंजिन बंद करायची केबल किंवा सोलेनॉइड अडकलाय का, फिल्टर तुंबलाय का, पाईपमध्ये हवा आहे का, हे बघा. पांढरा धूर येतोय, तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. हीटर प्लग, कमी झालेला दाब किंवा पंपाचं टायमिंग हे संशयित. गाडी लागल्यावर काळा धूर येतोय, तर हवा कमी किंवा डिझेल जास्त. एअर फिल्टर आणि नोझल बघा.

३. हवेचा संशय असेल तर फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू सैल करा आणि हँड प्राइमर दाबा. फेसाळ डिझेल आलं तर हवा आहे. बुडबुडे थांबेपर्यंत दाबून स्क्रू आवळा. गाडी लगेच लागली आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच झालं, तर हवा काढणं हा इलाज नव्हता. फट शोधायची बाकी आहे.

४. फट शोधायला स्वच्छ कॅनमध्ये डिझेल घेऊन फीड पंपाला थेट जोडा. टाकी आणि मागचा पाईप बाजूला ठेवा. आता गाडी व्यवस्थित लागत असेल तर दोष टाकीच्या बाजूला आहे. कडक झालेला रबरी पाईप, सैल क्लिप किंवा टाकीतला गंजलेला पाईप. तरीही लागत नसेल तर दोष पुढं आहे.

५. फीड पंपाच्या पुढं मात्र दाब असतो. तिथं फट पडली की डिझेल बाहेरच येतं. आधी सगळं पुसून कोरडं करा, खाली कागद पसरा आणि मग इंजिन चालवा. ओल पहिल्यांदा जिथं दिसेल, गळती तिथली. खाली जिथं थेंब पडतो ती जागा बऱ्याचदा फसवी असते. नेहमीचे गुन्हेगार म्हणजे बॅन्जो बोल्टचे कॉपर वायसर, फिल्टरच्या वाटीचं रबर आणि नोझलवरचे रिटर्न पाईप. जुना वायसर पुन्हा पुन्हा आवळण्यापेक्षा नवा टाकणं स्वस्त पडतं.

६. ऑइलची पट्टी काढून बघा. ऑइल न घालता पातळी वाढली असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर गळती इंजिनाच्या आत आहे. फीड पंपाचा पडदा फाटला की असं होऊ शकतं. अशी गाडी चालवू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं.

आणि एक गोष्ट कधीच करायची नाही. पंपापासून नोझलला जाणाऱ्या लोखंडी नळीची गळती बोट लावून शोधायची नाही. तिथं दाब शेकडो पट असतो. बारीक फवारा कातडी भेदून आत घुसतो, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट कापायची वेळ येऊ शकते. पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरून बघा. असं काही झालंच तर दुखत नाही म्हणून थांबू नका, त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.

किर्लोस्कर-कमिन्स आणि परवान्यांचा काळ

आता परत शंतनुरावांकडं. शेतावरच्या इंजिनावर ते थांबले नाहीत. १९६२ मध्ये अमेरिकेच्या कमिन्स कंपनीबरोबर पुण्यात कोथरूडला किर्लोस्कर-कमिन्स उभी राहिली. जनरेटर, कॉम्प्रेसर, खाणीतले डंपर अशा मोठ्या कामांची इंजिनं तिथं बनू लागली. आजची कमिन्स इंडिया ती हीच. वडिलांनी नांगर विकायला गिऱ्हाईक शोधलं होतं, मुलानं इंजिनं परदेशी विकायचा ध्यास घेतला.

१९६५ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. पण सरकारशी त्यांचं नातं गोडगोड नव्हतं. किती माल बनवायचा, कुठली यंत्रसामग्री आणायची, याला परवाना लागण्याचा तो काळ. शंतनुराव या परवाना पद्धतीवर उघडपणे टीका करायचे. उद्योजक फायद्याबद्दल बोलायला लाजायचे तेव्हा ते नफा हा शब्द सरळ वापरायचे. बऱ्याच जणांना ते पटत नसे. १९८२ मध्ये आलेल्या कॅक्टस अँड रोझेस या आत्मचरित्रात त्यांनी हा सगळा प्रवास मांडला. निवडुंगाच्या माळावर वाढलेल्या माणसाला शोभेल असंच नाव.

२४ एप्रिल १९९४ ला त्यांचं पुण्यात निधन झालं. जन्मशताब्दीच्या वर्षी, २००३ मध्ये, त्यांच्यावर पोस्टाचं तिकीट निघालं. पुण्यातल्या मॉडेल कॉलनीतला लकाकी रस्ता रोज हजारो लोक वापरतात. लकाकी म्हणजे लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर, शंतनुरावांचे वडील.

इंजिनाची दुसरी बाजू

गोष्ट नुसतीच कौतुकाची नाही. मोट एका दिवसात जेवढं पाणी काढायची, त्याच्या कितीतरी पट इंजिन आणि मोटार काढू लागली. पाणी वर आलं, बागायत वाढली, ऊस वाढला आणि विहिरीही खोल गेल्या. १९७२ च्या दुष्काळानं सोलापूर जिल्ह्याला पाण्याची किंमत दाखवून दिली. त्यानंतर बोअर आले आणि पाणी आणखी खाली गेलं. याचा दोष एका इंजिनाचा नाही, पण इंजिनानं उपसा सोपा केला हेही खरं.

आणखी एक गोष्ट मागं पडत चाललीय. नव्या कॉमन रेल गाडीत कॉम्प्युटर बिघाडाचा कोड देतो आणि दाब हजार पटीच्या पुढं असतो. तिथं वरची घरगुती तपासणी करायला जाऊ नका, नट सैल करणंही धोक्याचं आहे. पण रस्त्यावर मेकॅनिकल पंपाच्या जुन्या गाड्या अजून आहेत, आणि बऱ्याचदा त्या अशा घरात आहेत जिथं नवी गाडी घेणं परवडत नाही. तिथं चुकीच्या अंदाजानं नोझल, पंप, बॅटरी एकामागून एक बदलत गेलं की महिन्याचा पगार जातो. शेवटी बिघाड निघतो एका रबरी पाईपात.

त्यामुळं उद्या सकाळी गाडी रुसली तर लगेच पार्ट बदलू नका. आधी सेल्फचा वेग ऐका, मग सायलेन्सरकडं बघा, मग टाकीपासून पुढं पाईप हातानं चाचपत या. ओळखीत विहिरीवर इंजिन चालवलेलं कुणी जुनं माणूस असेल तर त्यांना सोबत घ्या. त्यांचा कान अजून चालतो.